अ‍ॅक्वापोनिक्स: पैसा टाक्यांवर नको, चालवण्यावर घाला

माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या मुळांना आणि मुळांनी निवळलेलं पाणी पुन्हा माशांना. अ‍ॅक्वापोनिक्सचं हे वर्तुळ कागदावर काढायला दोन बाण पुरतात. माती नको, रासायनिक खत नको, पाणी थोडं, आणि हाती मासा व भाजी दोन्ही. शाळा, सामाजिक संस्था, नगर प्रशासन, देणगीदार, सगळ्यांनाच हे चटकन भावतं. निधी मंजूर होतो, टाक्या येतात, पाइप जोडले जातात. अंदाजपत्रकात टाकी, पंप, पाइप, शेडनेट यांचे रकाने असतात. पुढच्या दोन वर्षांचं खाद्य, वीज, पाणी तपासण्याचं साहित्य आणि संच सांभाळणाऱ्या माणसाचा पगार यांचे रकाने मात्र कोरे राहतात किंवा नसतातच. मग मासे मेले, पानं पिवळी पडली की तंत्रच फसवं होतं असा निष्कर्ष निघतो.

तंत्र फसवं नाही. पाणी किंवा सुपीक जमीन यांची खरीच टंचाई असेल तिथे ते उपयोगाचं आहे आणि त्याला सार्वजनिक मदत मिळायला हवी. पण ही मदत उभारणीला कमी आणि रोजच्या चालवण्याला जास्त मिळाली पाहिजे. शिवाय ती ज्या कारणासाठी मागितली जाते, ते अन्नसुरक्षेचं कारण आहे तसं टिकत नाही. या दोन्ही गोष्टी आकडे मांडले की स्पष्ट होतात, म्हणून आधी आकडेच पाहू.

समजा, पालेभाजीसाठी १० चौरस मीटरचा तरंगता वाफा आहे: पाण्यावर फोमचे जाड तक्ते, तक्त्यांना भोकं, भोकांत रोपं आणि मुळं थेट खाली पाण्यात. अशा वाफ्याला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य लागतं, फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम. संचाचं माप माशांच्या संख्येत किंवा टाकीच्या लिटरांत नव्हे, रोजच्या खाद्यात घ्यायचं असतं. ५० ग्रॅमने धरलं तर १० चौरस मीटरला ५०० ग्रॅम खाद्य झालं. मोठे होत आलेले मासे रोज आपल्या वजनाच्या साधारण दीड टक्का खातात, तेव्हा एवढं खाद्य संपवायला ३३ किलो मासे हवेत. नवख्याने हजार लिटरमागे २० किलोंच्या वर जाऊ नये, म्हणजे माशांची टाकी सुमारे १,७०० लिटरची. वाफ्यात ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे आणखी ३,००० लिटर. गाळणी आणि खालची साठवण टाकी धरून सगळं पाणी ५,००० लिटरच्या आसपास जातं.

आता त्या ५०० ग्रॅम खाद्याचं पुढे काय होतं ते पाहू. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं असतील तर माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून रोज सुमारे १५ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. ५,००० लिटरमध्ये त्याची मात्रा लिटरला ३ मिलिग्रॅम होते, तीही रोज. हा अमोनिया नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू पुढे नायट्रेटमध्ये. नायट्रेट झाडांना चालतं आणि माशांना फारसं बाधत नाही. म्हणजे सगळा संच जैवगाळणीच्या (जिवाणूंना चिकटून वाढायला जागा देणाऱ्या गाळणीच्या) पृष्ठभागावर, खडीवर आणि मुळांवर बसलेल्या जिवाणूंच्या पातळ थरावर उभा असतो. क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी थेट ओतलं, माशांना प्रतिजैविक दिलं किंवा थंडीत पाणी फार गार झालं, की हा थर मंदावतो आणि अमोनिया चढू लागतो.

चढलेला अमोनिया किती घातक ठरेल हे सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की हा भाग ५ टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या पुढे. म्हणून लिटरला ३ मिलिग्रॅम अमोनिया असूनही सामू ७ ला मासे पोहत राहतात, आणि तेवढाच अमोनिया सामू ८ ला त्यांचे कल्ले जाळतो. ‘अमोनिया किती आहे?’ या प्रश्नाला सामू आणि तापमान सांगितल्याशिवाय अर्थ नाही. रंगपट्टीवर फक्त अमोनिया पाहून निर्धास्त राहणारा चालक दुपारच्या उन्हात शेवाळामुळे सामू चढला की गोत्यात येतो.

बहुतेक अपयशांचं मूळ पहिल्या सहा आठवड्यांत असतं. जिवाणूंचा थर बसायला २५ अंशांच्या आसपास चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. या काळात टाकीत मासे नसलेलेच बरे. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम ठेवायचा, चालू असलेल्या संचातली थोडी खडी मिळाली तर विरजण म्हणून टाकायची आणि रोज मोजायचं. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइटही उतरतो. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसला की बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायची, आणि तेव्हाही खाद्य एक चतुर्थांशापासून हळूहळू वाढवत न्यायचं. पण उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असली की पहिल्याच दिवशी सगळे मासे टाकीत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढतो, माशांचं रक्त तपकिरी पडतं, ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. मिठाने हे थांबतं, कारण क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. पण मिठातलं सोडियम बंद वर्तुळात साठत जातं आणि झाडांना बाधतं. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड किंवा पोटॅशियम क्लोराइड वापरलं तर तोच क्लोराइड मिळतो आणि सोबत झाडांना लागणारं अन्नही.

विजेकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. १,७०० लिटरच्या टाकीत विद्राव्य ऑक्सिजन लिटरला ६ मिलिग्रॅम असेल, तर सगळ्या टाकीत मिळून तो जेमतेम १० ग्रॅम होतो. ५०० ग्रॅम खाद्य खाणारे मासे दिवसाला १५० ते २०० ग्रॅम ऑक्सिजन घेतात, म्हणजे तासाला ६ ते ८ ग्रॅम, खाल्ल्यानंतर याहून जास्त. पंप थांबला की पाऊण तासाच्या आत ऑक्सिजन ३ मिलिग्रॅमवर येतो आणि तिथून पुढे मासे गुदमरू लागतात. रात्री दोन वाजता गेलेली वीज पहाटे परत आली, तर ती मेलेल्या माशांसाठी आलेली असते. यावरचा उपाय महागडा नाही. १२ व्होल्टवर चालणारा २० वॅटचा एअर पंप, २० अँपिअर-तासांची बॅटरी आणि वीज जाताच आपोआप जोडणी बदलणारा रिले एवढं असलं की सहा तास निघतात. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवायचा, नाहीतर बंद पडताच नळीतून पाणी उलटं येऊन तो जळतो. पाण्याचा पंप माशांच्या टाकीत कधीही ठेवायचा नाही, खालच्या साठवण टाकीत ठेवायचा. मग एखादा जोड सुटला तरी साठवण टाकी रिकामी होते, मासे पाण्यातच राहतात. वीज फार बेभरवशाची असेल तर थेट हवा घेऊ शकणारा मागुरासारखा मासा निवडणं शहाणपणाचं. अर्थात ज्या प्रजाती नैसर्गिक जलाशयांत पसरून स्थानिक माशांना संपवतात, त्यांच्यावर अनेक देशांत बंदी किंवा परवान्याची अट आहे, ती पाळायलाच हवी. हे सगळं मिळून संचाच्या किमतीचा लहानसा भाग होतो, आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री यालाच लागते.

‘रसायनं लागत नाहीत’ हा दावाही तपासून घेऊ. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलून सामू टिकवून धरण्याची ताकद, खर्च होते, दर ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ७ ग्रॅमांहून थोडी जास्त. आपल्या संचात ती रोज कमाल १०० ग्रॅमच्या आसपास जाते. नायट्रेट शोषताना मुळं त्यातली काही परत करतात, तरी तूट उरतेच. ती भरली नाही तर सामू हळूहळू ६ च्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो. म्हणून सामू ६.८ ते ७ च्या दरम्यान राखायला विझवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून घालतात. वेगळ्या बादलीत विरघळवून, थोडं थोडं, आणि माशांच्या टाकीत न ओतता. कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही झाडांना हवे असतात आणि मत्स्यखाद्यात ते झाडांच्या गरजेइतके नसतात, त्यामुळे एका कामात दोन गोष्टी साधतात. तिसरी कमतरता लोहाची. कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागली की लोह संपलं असं समजावं. लिटरला २ मिलिग्रॅम लोहासाठी ५,००० लिटरला ११ टक्के लोह असलेलं डीटीपीए चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) सुमारे ९० ग्रॅम लागतं, आणि ते दर तीन आठवड्यांनी द्यावं लागतं. साधं फेरस सल्फेट या सामूला पाण्यात टिकत नाही, गंजासारखं तळाशी बसतं.

म्हणजे यात रसायनं लागतात. थोडी लागतात आणि मोजून लागतात. हे उघड सांगण्यात कमीपणा नाही, उलट न सांगितल्यामुळे नुकसान होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हातात घेताना ‘आपण फसवणूक करतो आहोत का?’ अशी शंका चालकाला येते, मग तो ते टाळतो आणि संच आजारी पडतो. जी गोष्ट खरोखर वापरता येत नाही ती म्हणजे कीटकनाशक. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अगदी अल्प मात्रेतही जीवघेणी ठरतात. कीड रोखायची ती जाळीने, हाताने वेचून किंवा अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूच्या फवारणीने. ही सक्तीची शिस्त हा अ‍ॅक्वापोनिक्सचा मोठा गुण आहे, कारण इथे कीटकनाशक वापरल्याची शिक्षा त्याच रात्री मिळते.

‘सेंद्रिय’ या शिक्क्यावर जगाचं एकमत नाही. युरोपीय संघाच्या २०१८ च्या सेंद्रिय नियमांनुसार पीक जिवंत जमिनीत वाढलेलं असलं पाहिजे, त्यामुळे तिथे अ‍ॅक्वापोनिक्सची भाजी सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळापुढे अशा शेतीला सेंद्रिय प्रमाणपत्रातून वगळण्याचा ठराव आला आणि थोडक्यात पडला. ज्या प्रकल्पाचा सगळा हिशेब ‘सेंद्रिय म्हणून चढा भाव मिळेल’ यावर बेतलेला असेल, त्याने आधी आपल्या बाजारातला नियम वाचावा.

आता अन्नसुरक्षेकडे येऊ. आपल्या १० चौरस मीटरच्या संचातून रोज काय निघतं? दर चौरस मीटरला २२ लेट्यूस आणि लावणीपासून महिन्याभरात काढणी धरली, तर रोज सात गड्डे, म्हणजे साधारण एक किलो पानं. दीड-पावणेदोन किलो खाद्यामागे एक किलो मासा या दराने रोज ३०० ग्रॅम मासा वाढतो. त्यात तिलापियासारख्या माशाचं निव्वळ मांस एक तृतीयांश, म्हणजे १०० ग्रॅम. पानांतून दीडशे आणि मांसातून शंभराच्या आत, अशा मिळून सुमारे २५० कॅलरी. एका प्रौढ माणसाला दिवसाला दोन हजारांहून जास्त लागतात. आणि त्याच दिवशी संचात ओतलेल्या ५०० ग्रॅम खाद्यात १६० ग्रॅम प्रथिनं होती, त्यातली माशाच्या अख्ख्या शरीरात पन्नासेक ग्रॅम उतरली.

ही तुलना तंत्राला कमी लेखण्यासाठी केलेली नाही. खाद्यातला कोंडा, पेंड, मासळी कारखान्याचा कचरा यातलं बरंचसं माणूस खात नाही, आणि जे माशाच्या अंगी लागलं नाही त्यावर भाजी वाढते. साध्या मत्स्यशेतीत ते सांडपाण्यात जातं, इथे त्यातलं बरंच कामी येतं. हा फायदा खरा आहे. पण पोट भरणारं धान्य, कंद, कडधान्य यांची जागा हा संच घेऊ शकत नाही. तो ताजी भाजी आणि थोडं उत्तम प्रथिन देतो, म्हणजे ताटातली उणीव भरतो. ‘पोषण सुधारणा’ या शीर्षाखाली त्याला निधी द्या, योग्य होईल. ‘भूक निवारण’ या शीर्षाखाली दिलात तर पहिल्याच मूल्यमापनात तो नापास होईल, आणि नापास व्हायलाच हवा.

शाश्वततेचा प्रश्नही इथेच येऊन अडतो. झाडांना मिळणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस आभाळातून येत नाही, खाद्याच्या पोत्यातून येतो. त्या पोत्यात समुद्रातले छोटे मासे दळून केलेली फिशमील असेल किंवा जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन असेल, तर संचातली भाजी तेवढा भार वाहून आणते. म्हणून ‘हा प्रकल्प किती हिरवा?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर खाद्याच्या पोत्यावरच्या घटकांच्या यादीत शोधायचं. मांसाहारी माशांपेक्षा तिलापिया, कार्पसारखे वनस्पती आणि मिश्र आहारावर वाढणारे मासे इथे बरे. भाज्यांच्या कचऱ्यावर वाढवलेल्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या खाद्याचा काही भाग भरून काढू शकतात. संशोधनाला पैसा द्यायचाच असेल तर तो नव्या आकाराच्या टाकीपेक्षा इथे द्यावा. डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या वनस्पतीचं नाव माशांचं खाद्य म्हणून नेहमी घेतलं जातं. पण ती ताजी असताना ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे केवळ तिच्यावर मासे वाढवण्याची गणितं कोरड्या वजनावर मांडून पाहावीत.

पाण्याच्या बचतीबद्दलही नेमकं बोललं पाहिजे. या क्षेत्रातलं सर्वांत नीट नोंदलेलं काम जेम्स रॅकॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात, कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय या पाणीटंचाईच्या बेटावर केलं. त्यांच्या संचात एकूण ११० घनमीटर पाणी आणि २१४ चौरस मीटरचे तरंगते वाफे होते, आणि रोज एकूण पाण्याच्या साधारण दीड टक्का पाणी नव्याने भरावं लागे. हे पाणी वाफ्याच्या क्षेत्रावर वाटलं तर चौरस मीटरला रोज साडेसात लिटर येतं. उष्ण हवेत झाडं आणि उघडं पाणी मिळून एवढं पाणी हवेत सोडणारच; त्यात जादू नाही. बचत होते ती दुसरीकडे: जमिनीत झिरपून जाणारं पाणी इथे जात नाही, आणि मत्स्यशेतीत फेकून द्यावं लागणारं पाणी पुन्हा वापरलं जातं. ‘९० टक्के पाणी वाचतं’ असं कुणी सांगितलं तर कशाच्या तुलनेत, हे विचारावं. पाट सोडून भिजवलेल्या शेताशी तुलना केली तर फरक प्रचंड दिसतो, चांगल्या ठिबक सिंचनाशी केली तर बराच कमी.

वीजही याच पद्धतीने मोजावी. आपल्या संचातला पाण्याचा आणि हवेचा पंप मिळून ८० वॅट घेतात असं धरलं तर दिवसाला दोन युनिट. हे परवडणारं आहे, सौर पॅनेलवरही निघतं. पण तोच वाफा बंद खोलीत एलईडी दिव्यांखाली नेला की लेट्यूसला पुरेल इतक्या प्रकाशासाठी चौरस मीटरला रोज दीड युनिटाहून जास्त वीज जाते, म्हणजे १० चौरस मीटरला १५ युनिटांच्या पुढे. आणि ५,००० लिटर पाणी फक्त एक अंशाने तापवायला जवळजवळ सहा युनिट लागतात. त्यामुळे हवामानाशी भांडून तिलापिया पाळण्यापेक्षा त्या हवामानात सुखाने राहणारा मासा आणि त्याच तापमानाला रुळणारी भाजी अशी जोडी लावावी. तिलापियाला २७ ते ३० अंश हवेत, तर पाणी २८ च्या वर गेलं की लेट्यूसच्या मुळांना पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची कुज लागू लागते. उष्ण ठिकाणी ही जोडी जमत नाही. तिथे तुळस, कलमी शाक किंवा अंबाडीसारख्या उन्हाला न डगमगणाऱ्या पिकांकडे वळावं. सार्वजनिक पैशातून कृत्रिम प्रकाशाखालच्या अ‍ॅक्वापोनिक्सला मदत देण्याचं समर्थन करणं मला शक्य वाटत नाही.

गच्चीवरच्या प्रकल्पांबद्दल एक गोष्ट सुरक्षेची आहे, म्हणून ठासून सांगतो. ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो भार, ओल्या खडीचा तेवढाच खोल वाफा त्याहून बराच जड, आणि एक मीटर उंच टाकी म्हणजे चौरस मीटरला एक टन. निवासी मजल्यांसाठी बांधकाम संहितांत चौरस मीटरला साधारणपणे १५० ते २०० किलोंचा वापरभार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरलेला असतो. स्थापत्य अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय गच्चीवर टाकी चढवू नये, आणि अशी परवानगी जोडलेली नसलेला अर्ज कुणी मंजूर करू नये.

व्यवसाय म्हणून हे किती चालतं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत २५७ व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्स चालकांची माहिती गोळा केली होती. आधीच्या १२ महिन्यांत नफ्यात असलेले त्यांतले एक तृतीयांशापेक्षाही कमी होते. आणखी बोलका भाग असा, की जे साहित्य, प्रशिक्षण, सल्ला किंवा पर्यटन विकत होते, ते नफ्यात असण्याची शक्यता जास्त होती. संच विकणाऱ्याचा फायदा आणि संच चालवणाऱ्याचा फायदा या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकल्प अहवाल जर संच विकणाऱ्यानेच लिहून दिला असेल, तर त्यातला उत्पन्नाचा रकाना कुणीतरी तिऱ्हाइताने पुन्हा मोजला पाहिजे.

तोट्याचं एक कारण रचनेत आहे. एकाच पाण्यात मासे, जिवाणू आणि झाडं ठेवली की सामू ६.८ ते ७ असा तिघांच्या मधला ठेवावा लागतो. जिवाणूंना साडेसातच्या आसपास आवडतं, झाडांना ५.८ ते ६.२. सगळेच थोडे थोडे नाखूश राहतात. घरगुती किंवा शाळेच्या संचात ही तडजोड चालते. व्यापारी उत्पादन करायचं असेल तर माशांचं आणि झाडांचं वर्तुळ वेगळं ठेवावं, माशांकडचं पाणी झाडांकडे एकाच दिशेने जावं आणि तिकडे सामू उतरवून उरलेली खतं भरून द्यावीत. खर्च वाढतो, शुद्धतावाद्यांना रुचत नाही, पण एका बाजूचा रोग दुसरीकडचं सगळं बुडवत नाही.

दुसरं कारण वेळापत्रकात आहे. सगळे मासे एकदम काढले की खाद्य थांबतं आणि झाडं उपाशी राहतात. सगळी भाजी एकदम काढली की नायट्रेट साठतं. सेंट क्रॉयवर चार टाक्यांत वेगवेगळ्या वयाचे मासे ठेवून दर सहा आठवड्यांनी एकच टाकी काढत, म्हणजे प्रत्येक टाकीला २४ आठवडे मिळत आणि एकूण खाद्य जवळपास सारखं राही. लहान संचातही किमान दोन टाक्या आणि दर आठवड्याला एक चतुर्थांश वाफ्याची लावणी हवी. एकच मोठी टाकी स्वस्त पडते म्हणून घेतली की वर्षातून एकदा सगळा तोल जातो.

गाळाकडेही असंच दुर्लक्ष होतं. रोजच्या ५०० ग्रॅम खाद्यातून कोरड्या वजनाने सव्वाशे ग्रॅम घन मळ निघतो. तो रोज निवळण टाकीतून काढला नाही तर मुळांवर तपकिरी बुळबुळीत थर चढतो, कोपऱ्यांत हवाविरहित खिसे तयार होतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. काढलेला गाळ फेकू नये, त्यात फॉस्फरसचा मोठा वाटा असतो. वेगळ्या पिंपात दोन-तीन आठवडे जोरात हवा सोडून तो कुजवायचा, मग हवा बंद करून निवळू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी वाफ्यात सोडायचं. उरलेला गाळ जमिनीतल्या झाडांना घालता येतो. ‘शून्य कचरा’ म्हणायचं असेल तर हे पिंप संचाचा भाग असलंच पाहिजे.

तेव्हा निधी देणाऱ्यांनी अर्जाचा नमुना बदलावा. मंजूर रकमेतला निम्म्याहून अधिक भाग पहिल्या दोन वर्षांच्या चालवण्यासाठी राखून ठेवावा आणि तो तिमाही हप्त्यांनी, नोंदवही पाहून द्यावा. वहीत रोज घातलेलं खाद्य ग्रॅममध्ये, सामू, पाण्याचं तापमान, आठवड्याला किमान दोनदा अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट, नव्याने भरलेलं पाणी, विजेची युनिटं, मेलेले मासे आणि काढलेल्या भाजी-माशांचं वजन एवढं असावं. या नोंदी जाहीर कराव्यात, बंद पडलेल्या संचांच्यासुद्धा. कोणत्या आठवड्यात अमोनिया चढला आणि त्याआधी काय केलं होतं, हे दहा बंद संचांच्या वह्यांतून जेवढं कळेल तेवढं एका यशोगाथेतून कळणार नाही. प्रशिक्षण दोन दिवसांच्या कार्यशाळेत उरकू नये. चालू संचावर किमान एका पिकाचं पूर्ण चक्र काम केलेल्या माणसालाच चालक नेमावं आणि त्याच्या जोडीला दुसरा तयार करावा.

शाळांच्या बाबतीत एक अट वेगळी घालावी लागेल. विज्ञान शिकवायला अ‍ॅक्वापोनिक्ससारखं साधन क्वचितच मिळतं: नायट्रोजन चक्र, सामू, ऑक्सिजन, गुणोत्तरं, सगळं एका टाकीत दिसतं. पण शाळेला लांब सुट्ट्या असतात आणि टाकीला नसतात. सुट्टीत रोज खाद्य कोण घालणार, वीज गेली तर अर्ध्या तासात कोण पोहोचणार आणि त्याचा मोबदला कुठून मिळणार, हे नावानिशी अर्जात लिहिलेलं नसेल तर शाळेला १,७०० लिटरची टाकी देऊ नये. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीवर खडीचा एक वाफा आणि त्यात मोजके मासे द्यावेत, जे सुट्टीपुरते कुणाला तरी घरी नेता येतील.